मुलुंडच्या पंगतीत बाबा

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवणारी. आम्ही तिघी मुली होतो, खिडकीजवळ उंच टेबलांवर वाकून बसायचो आणि संध्याकाळी तिघींच्या माना दुखायच्या. टूलरूममधला एक सरदार मुलगा आमच्या ड्रॉइंगची निळी प्रत हातात घेऊन वर यायचा आणि मला विचारायचा, "हा तीन आहे की आठ?"

माझे तीन आणि आठ कधीच सारखे नव्हते. हे मी त्याला दोन-चारदा दाखवून दिलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा यायचा. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, त्याला तीन-आठ चांगला कळतो. तुलाच कळत नाहीये."

तो मुलुंडला जन्मलेला आणि वाढलेला. मराठी त्याने गल्लीत क्रिकेट खेळताना उचललेली, त्यामुळे ती फर्डी होती आणि तिच्यात शिव्याही होत्या. त्या माझ्यासमोर गिळताना तो अडखळायचा. कारखाना सुटला की आम्ही एकाच बसने घाटकोपरला यायचो. मी तिथे उतरून पूर्वेला, हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतल्या आमच्या खोलीवर जायची आणि तो पुढे गाडीने मुलुंडला. असं दीड-एक वर्ष चाललं. मग एके दिवशी बसस्टॉपवर त्याने सांगितलं की तो आता घरी बोलणार आहे.

"त्याआधी एक ऐक," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध आहोत."

"माहीत आहे. तुझ्या टेबलाच्या काचेखाली फोटो आहे ना."

"बौद्ध व्हायच्या आधी आम्हाला काय म्हणायचे, ते माहीत आहे?"

"ते पण माहीत आहे."

"तुमच्यात जात नसते म्हणतात."

"लंगरमध्ये नसते," तो म्हणाला. "लग्नात असते. तुझ्याशी खोटं नाही बोलणार मी."

गुरुद्वारात येईल त्याला जमिनीवर एका रांगेत बसवून जेवायला घालतात, त्याला लंगर म्हणतात, एवढं मला माहीत होतं. त्याच्या त्या उत्तराने मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला उलट धीर आला. या माणसाबरोबर निदान काय काय होणार आहे ते आधी कळेल, असं वाटलं.

त्याच्या घरी जे झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. वडिलांना तो दारजी म्हणायचा आणि आईला बीजी. फाळणीत रावळपिंडीकडून नेसत्या कपड्यांनिशी निघालेली दोन कुटुंबं मुलुंडच्या निर्वासितांच्या छावणीत शेजारी राहिली आणि तिथेच पुढे या दोघांचं लग्न झालं. दारजींनी हातगाडीपासून सुरुवात करून आग्रा रोडवर मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं होतं. आदल्या वर्षी, चौऱ्याऐंशीत, दिल्लीत शिखांवर जे हल्ले झाले, त्यात दारजींच्या मावसभावाचं दुकान आणि घर दोन्ही जळालं होतं. माणसं शेजाऱ्यांच्या गच्चीवर लपून वाचली. मुंबई शांत राहिली, पण मुलुंडच्या त्या घरांमध्ये माणसं जवळजवळ सरकून बसावीत तशी बसली होती. अशा दिवसांत मुलगा म्हणत होता की मला बाहेरची मुलगी करायची आहे.

दारजींनी एकच विचारलं, "कौन लोग हैं?"

त्याने सांगितलं. दारजींनी पेपरची घडी घातली आणि ते दुकानात निघून गेले. बीजी म्हणाल्या, "बाहेरचे आपल्याला कमी करतायत ते काय थोडं आहे? आता तूही निघालास." त्याने त्यांना सांगितलं की मी कुठेही निघालेलो नाही, इथेच आहे. त्या रडल्या. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात मीठ-पाण्यापुरतंच बोलणं होतं.

आमच्या घरी वेगळं झालं. बाबा कुर्ल्याच्या कारशेडमध्ये फिटर होते. कामावरून आल्यावर ते मोरीत बसून रॉकेलने हातांचं ग्रीस काढायचे, मग साबणाने हात धुवायचे आणि मगच कुणाशी बोलायचे. मी त्या दिवशी हात धुऊन होईपर्यंत थांबले.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तुझ्यासाठी पगडी काढीन असं म्हणाला का तो?"

"नाही. आणि मी सांगणारही नाही."

"मग बरं आहे. काढणारा असता तर मी नको म्हणालो असतो."

आईला मात्र ते पचेना. "आपल्यात पोरं नाहीत का?" ती म्हणाली. "उद्या वसाहतीत काय सांगू मी? सरदाराला दिली म्हणून?"

"सांग, दिलेली नाही. तिने केलाय," बाबा म्हणाले.

बाबांविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमचं गाव बुलढाण्याकडचं. एकोणीस-वीस वर्षांचे असताना बाबा आपल्या आज्याबरोबर नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही देवापुढे डोकं टेकवलं नाही. त्याचा ते बोभाटा करत नसत. कुणाकडे सत्यनारायण असला तर जायचे, घरच्यांची विचारपूस करायचे, जेवायचे आणि यायचे. कारशेडमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा होई, तेव्हा ते एका बाजूला उभे राहून कॉटन वेस्टने शांतपणे हात पुसत राहायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "माझं झालंय." इतकंच.

आणि गुरुद्वारात पाऊल टाकलं की पहिल्यांदा माथा टेकायचा असतो.

दोन्ही बापांची पहिली भेट आमच्या खोलीवर झाली. दारजी बर्फीचा खोका घेऊन आले. उंच, पांढरी दाढी नीट बसवलेली, आकाशी पगडी. दारातून आत येताना वाकावं लागलं. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "जयभीम." दारजी म्हणाले, "सत श्री अकाल." मग दोघांनीही हात जोडले आणि कुणी आधी बसायचं यावर थोडा वेळ उभेच राहिले.

चहा होईपर्यंत दिल्लीचा विषय निघाला. दारजींनी मावसभावाचं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या वस्तीला पण एकदा लावली होती आग. मी लहान होतो. मला आठवतंय ते फक्त कोंबड्यांचं ओरडणं." दारजींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, जमलं आता.

पण मग दारजींनी मुद्द्याला हात घातला. लग्न गुरुद्वारातच होईल, आनंद कारज म्हणतात त्या पद्धतीने. मुलीचे आईवडील पुढे बसतील. "आप को मत्था टेकना होगा, भाईसाहब. यह तो सबके लिए है."

"मैं नहीं टेकूंगा," बाबा म्हणाले. "राग नका मानू. मैं किसी के सामने नहीं टेकता."

"वो मूर्ती नहीं है. ग्रंथ है. गुरू है हमारे."

"असतील. मैं इज्जत करता हूं. डोकं नाही टेकवणार."

आवाज कुणाचाही चढला नाही. बर्फीचा खोका उघडला गेला, प्रत्येकाने एकेक तुकडा घेतला आणि दारजी गेले. मग सहा-सात महिने कुणीच कुणाकडे आलं नाही.

शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की वांद्र्याला जाऊन नोंदणी करून टाकायची. ज्याला यायचं त्याने यावं. आम्ही हे आपापल्या घरी एकाच दिवशी सांगितलं आणि दोन्ही घरांत अगदी एकच वाक्य ऐकलं: म्हणजे आमच्याशिवाय? त्याच रविवारी दारजी पुन्हा घाटकोपरला आले. या वेळी बीजीही होत्या. ठेंगण्या, जाडसर, गुडघ्यांनी अधू. जिना चढून त्यांना धाप लागली होती. आईने पाणी दिलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

दारजी बाबांना म्हणाले, "आप मत टेकिए. आप आइए, बैठिए. लेकिन लड़की? लड़की टेकेगी?"

"ते तिला विचारा," बाबा म्हणाले. "डोकं तिचं आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी याचा विचार खूप आधीच करून ठेवला होता. त्याच्याबरोबर मी मुलुंडच्या गुरुद्वारात दोनदा मागे जाऊन बसले होते. तिथे मला काही खटकलं नव्हतं. बायका-पुरुष एकाच जमिनीवर बसलेले, मधोमध ग्रंथ, कुणी कुणाला हटकत नाही. मी म्हणाले, "मी टेकेन. पण आधी विहारात लग्न लागेल, पांढऱ्या साडीत. आणि ऑफिसात माझं नाव आहे तेच राहील."

बीजींनी मुलाला पंजाबीत काहीतरी विचारलं. तो हसला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारतेय, पांढऱ्या साडीत? नवरीला?"

आईने तेवढ्यात कपाटातून माझ्यासाठी घेतलेली साडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. पांढरी होती, पण जरीची. बीजींनी पदर हातात घेऊन जर उलटीकडून तपासली. "काम पक्का है," त्या म्हणाल्या. त्या दिवशी निदान बायकांचं तरी मिटलं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीजवळच्या विहारात लग्न लागलं. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आम्ही मेणबत्त्या लावल्या, एकमेकांना हार घातले. तो पांढऱ्या सदऱ्यात आणि पांढऱ्या पगडीत होता. वसाहतीतल्या बायका त्याच्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. फुलं वाहायची वेळ आली तेव्हा दारजींच्याही हातात कुणीतरी ओंजळभर फुलं दिली. त्यांनी ती शेजारच्या टेबलावर अलगद ठेवली, हात जोडले आणि ताठ उभे राहिले. ते मूर्तीपुढे वाकणाऱ्यांतले नव्हते. आमच्या एका नातेवाइकाने बाबांच्या कानाशी लागून तक्रार केली. बाबा म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. त्यांच्यात नाही चालत." मला वाटतं, त्या क्षणी बाबांना दारजी पहिल्यांदा मनापासून आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडला. आईने बाबांच्या डोक्याला भगवा रुमाल बांधायला घेतला, तो त्यांनी काढून स्वतःचा निळा बांधला. बूट काढले, पाय धुतले, आत गेले. ग्रंथासमोर ते थांबले, हात जोडले, डोळे मिटले नाहीत. मग एका बाजूला जाऊन भिंतीशी मांडी घालून बसले. दोन-तीन माना वळल्या. दारजी ग्रंथाजवळ बसले होते, त्यांनी त्या मानांकडे पाहिलं आणि त्या पुन्हा सरळ झाल्या. थोड्या वेळाने नवऱ्याच्या खांद्यावरच्या वस्त्राचं टोक मुलीच्या हातात द्यायला तिच्या बापाला बोलावतात. बाबा आले. वस्त्र माझ्या हातात देताना त्यांची बोटं माझ्या मुठीवर जरा जास्त वेळ राहिली. आम्ही ग्रंथाभोवती चार फेरे घातले. मी माथा टेकला तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही.

शेवटी प्रसादाचा शिरा वाटायला सुरुवात झाली. तो दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा असतो. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. त्यांचा वाटा आईने आपल्याच ओंजळीत घेतला. माझ्या ते ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

मग लंगर. लांब तरटांवर आम्ही सगळे ओळीने बसलो. आमच्याकडची माणसं, त्यांच्याकडची माणसं, रस्त्यावरून आत आलेली दोन-चार माणसं. स्टीलच्या ताटल्या, त्यांत काळी डाळ, बटाटा-फ्लॉवर, खीर. मी आणि तो समोरच्या रांगेत होतो, बाबा आमच्या बरोबर समोर. रोट्यांची परडी घेऊन स्वतः बीजी निघाल्या होत्या. मुलाच्या लग्नाचा लंगर, त्यांना तो मान हवा होता. त्या रोटी घ्यायच्या, समोरचा माणूस दोन्ही हात पुढे करायचा, त्या वरून त्याच्या हातात रोटी सोडायच्या आणि पुढे सरकायच्या. त्यांची रीतच ती. रोटी हीसुद्धा प्रसादच, ती दोन्ही हातांनी घ्यायची. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं, त्यामुळे रोटी जरा उंचावरून पडायची.

त्या बाबांसमोर आल्या. "वाहेगुरूजी," त्या म्हणाल्या आणि रोटी पुढे केली.

बाबांचे हात मांडीवरच राहिले.

"हाथ आगे करो जी," बीजी हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, यांना रीत माहीत नाही.

"ताटात ठेवा," बाबा म्हणाले.

"हाथ में लेते हैं. परशादा है."

"थाली में रख दो," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. रागाचा नव्हता. कुणीतरी फार लांबून हाक मारावी आणि माणसाने तिकडे लक्ष द्यावं, तसा होता. शेजारी बसलेल्या आईने पटकन आपले हात पुढे केले, रोटी घेतली आणि ती बाबांच्या ताटलीत ठेवली. बीजी क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. पण त्यांचं हसू गेलं होतं. बाबांनी रोटी मोडली आणि सगळं जेवण संपवलं. ताटली स्वतः उचलून धुवायच्या जागी नेली.

मी सासरी राहायला गेले. बीजी माझ्याशी चांगल्या वागायच्या. मला मक्याची रोटी हातावर थापायला शिकवली आणि माझ्या भाकरीच्या सवयीमुळे ती मला लगेच जमली तेव्हा शेजारणींना बोलावून दाखवली. पण बाबांचं नाव निघालं की त्या गप्प व्हायच्या. एकदा नवऱ्याने मला सांगितलं, "बीजीला वाटतं, तुझ्या बाबांना आमच्या हातचं नको होतं."

"तसं नाहीये," मी म्हणाले. पण कसं आहे ते मलाही सांगता येत नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनाच विचार. मी सांगायची गोष्ट नाही ती." आणि बाबांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

दोन-तीन महिन्यांनी आईने व्याह्यांना जेवायला बोलावलं. खोलीत जमिनीवर पाट मांडले. बीजींना खाली बसवेना, तरी त्या हट्टाने भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या. भरलं वांगं, वरण, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. आई तव्यावरून भाकरी घेऊन आली, तर बीजींनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर, ओंजळ.

आई जागच्या जागी थांबली. भाकरी तिच्या हातात तशीच राहिली. तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा बीजींच्या हातांकडे बघत होते. मग ते म्हणाले, "दे. त्यांची रीत आहे ती." आणि आई खाली बसली, भाकरी बीजींच्या हातांवर तिने हळूच ठेवली.

"बहनजी," बाबा म्हणाले, "आप घर में भी ऐसे ही लेती हैं?"

"हां जी. आदत है." बीजींनी भाकरी ताटात ठेवली. "मां ने सिखाया था. रोटी के आगे हाथ फैलाओ. देनेवाला तो ऊपर है ना, हम सब लेनेवाले."

बाबांनी मान हलवली. मग ते आपल्या मुंबईच्या हिंदीत बोलायला लागले. अधूनमधून मराठीत जायचे, तेव्हा माझा नवरा हळूच पंजाबीत सांगायचा.

त्यांनी सांगितलं की गावात सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची आई त्यांना घेऊन भाकरी मागायला निघायची. तो तिचा हक्कच होता, गावाची कामं केल्याबद्दलचा. मोठ्या वाड्यांच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं. वरच्या पायरीवर बाई यायची आणि यांनी हात वर करायचे. बाई भाकरी वरून टाकायची, हाताला हात लागू नये म्हणून. पोरसवदा हात, कधी झेल चुकायचा, भाकरी मातीत पडायची. मग ती उचलून, झटकून घ्यायची आणि तरी वर बघून बरं बोलायचं. "एक बार," बाबा म्हणाले, "गरम थी. तव्यावरची. मी सोडली नाही. हात भाजला, पण सोडली नाही, खाली पडली असती तर आई रडली असती." त्यांनी उजवा तळवा बघितला. त्यावर कारशेडचे इतके घट्टे होते की जुनी खूण असलीच तरी दिसली नसती. "दीक्षा ली, तब सोचा, बस. आता वर हात नाही करायचा. किसी के सामने नहीं."

मी त्यांची मुलगी, आणि हे मी तिथे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.

"उस दिन मैं ऊपर से दे रही थी," बीजी म्हणाल्या.

"आप के घुटने," बाबा म्हणाले. "मालूम है मेरे को. आपकी गलती नहीं."

"मैं समझी, आपको हमारी रोटी नहीं चाहिए."

"रोटी चाहिए थी," बाबा म्हणाले. "भूख लगी थी जोर की. सकाळपासून कुणी चहासुद्धा दिला नव्हता."

यावर आधी आई हसली, मग बीजी. दारजी हसले नाहीत. ते ताटाकडे बघत बसले होते. 'कौन लोग हैं' हे त्यांनीच विचारलं होतं, आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, "गांव में अब कौन है आपका?"

"चुलत भाऊ आहे. दोन एकर आहे त्याची."

"जाते हो?"

"कधीतरी."

"हमारा तो गांव ही नहीं रहा जाने को," दारजी म्हणाले आणि ठेचा मागितला. तो त्यांना झेपला नाही, पण त्यांनी संपवला.

पुढच्या वैशाखीला बाबा-आई मुलुंडला आले. ते आपण होऊन आले होते, बोलावणं फक्त रीतीपुरतं गेलं होतं. लंगरला बाबा पुन्हा रांगेत बसले. पुन्हा बीजी परडी घेऊन आल्या. बाबांपाशी येऊन त्यांनी एक हात भिंतीला लावला आणि त्या वाकायला लागल्या, रोटी ताटलीत ठेवायला. गुडघा वाजल्याचं मला समोर ऐकू आलं. मागून येणारी डाळवाली बाई पंजाबीत म्हणाली, "हातात द्या ना, कशाला त्रास घेता?" बीजींनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"राहू द्या," बाबा म्हणाले. ते उठले. "लाओ. मेरे को दो."

त्यांनी परडी बीजींच्या हातातून घेतली. मला वाटलं, स्वतःपुरती रोटी घेऊन परत बसतील. पण ते पुढच्या माणसाकडे गेले. त्या माणसाने रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. बाबा क्षणभर थांबले, मग इतके खाली वाकले की त्यांचा हात त्या माणसाच्या ओंजळीला टेकला, आणि तिथे त्यांनी रोटी ठेवली. मग पुढचा. मग त्याच्या पुढची म्हातारी. अख्खी रांग त्यांनी अशीच वाढली, प्रत्येकापुढे वाकून. कंबरेचं त्यांना जुनं दुखणं होतं. रांगेच्या टोकाला पोचल्यावर ते कंबर धरून सरळ झाले आणि परडी रिकामी झाली म्हणून आत भरायला गेले.

दारजी माझ्या नवऱ्याशेजारी बसले होते. "तुझा सासरा रांग फार सावकाश वाढतो," ते पंजाबीत म्हणाले. "लोकांची डाळ गार होतेय." पण त्यांनी हात पुसायच्या रुमालाने डोळेही पुसले, हे नवऱ्याने मला सांगितलं.

त्यानंतर महिन्यातून एखाद्या रविवारी बाबा मुलुंडला जाऊन रोट्या वाढायचे. माथा त्यांनी तिथे कधीच टेकवला नाही आणि हात कधी पुढे केला नाही. तिथल्या लोकांनाही त्याची सवय झाली. दारजींशी त्यांची गाढ मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. दोघंही हेकट. राजकारणावरून त्यांचं जुंपायचं, मग एखादा महिना ते एकमेकांचं नाव काढायचे नाहीत. दारजींचे थोरले भाऊ आमच्या लग्नाला आले नव्हते आणि आमच्या घरी ते शेवटपर्यंत आले नाहीत. आमच्या वसाहतीतही काही जण आईला जाता-येता टोमणा मारायचेच. ते काही कुणी वाढलेल्या रोटीने सुटलं नाही.

मुलगी झाली तेव्हा आम्ही कांजूरमार्गला भाड्याने घर घेतलं. ते मिळायलाही वेळ लागला. एका मालकाला पगडी नको होती, दुसऱ्याला माझं माहेरचं आडनाव. जे मिळालं तिथे वारा फिरला की खाडीच्या चिखलाचा वास यायचा आणि आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पण ते घाटकोपर आणि मुलुंडच्या मधोमध होतं, त्यामुळे दोन्हीकडच्यांना सोयीचं पडायचं. आई आणि बीजी मेथी निवडत बसायच्या, एक मराठीत बोलायची, एक पंजाबीत, आणि दोघींना सगळं कळायचं. बीजी मराठी शिकल्या, पण त्यांच्या मराठीत सगळी भांडीकुंडी पुल्लिंगी होती. बाबा आणि दारजी दोन खुर्च्या बाल्कनीत ओढून पेपर वाटून घ्यायचे आणि भांडायचे. घर आमचं होतं, पण रविवारी त्यात आम्हाला बसायला जागा नसायची. मग मी आणि तो मुलीला घेऊन जिन्यात बसायचो आणि आत कोण जिंकतंय ते ऐकायचो.